शेततळ्यांतील माशांचे रोग ओळखावे कसे ?

गोठ्यांतील बैलानें एक वेळ कडबा सोडला, तर शेतकऱ्याच्या तें तत्काळ ध्यानांत येतें. वासराचे कान लोंबले किंवा कोंबडी पंख पाडून कोपऱ्यांत बसली, कीं घरांतील लहान पोरही धांवत येऊन सांगतें. पिकाचीही तीच गोष्ट. पान पिवळें पडलें, कीं कसलेला शेतकरी बांधावर उभ्यानेंच त्याचें कारण सांगतो. परंतु मासा हा धन्याच्या दृष्टीआड जन्म काढतो. त्यास हंबरतां येत नाहीं, त्याचें अंग सहज चाचपतां येत नाहीं, आणि पुष्कळदां तो मेल्यावरच प्रथम दिसतो. म्हणून मत्स्यपालनांत रोगानें नुकसान होतें, तसेंच तें रोग न ओळखल्यानें, किंवा नसलेला रोग ओळखल्यानेंही होतें.

महाराष्ट्रांत २०१६ सालीं ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना सुरू झाली व पुष्कळ बागाईतदारांच्या शिवारांत शेततळीं झालीं. पाणी सांठविलें आहेच, तर त्यांत मासेही सोडावे, असा विचार अनेकांनीं केला, आणि तो योग्यच आहे. कटला पाण्याच्या वरच्या थरांत चरतो, रोहू मधल्या थरांत व मृगळ तळाशीं. त्यामुळें एकाच तळ्यांत तिघांचा निर्वाह होतो. परंतु बोटुकली विकत घेतांना जितकी चौकशी होते, तितकी ती तळ्यांत सोडल्यावर होत नाहीं. ह्यास्तव माशांच्या नेहमीच्या रोगांची ओळख कशी पटवावी, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

घरचाच एक अनुभव

२०१९ सालच्या श्रावणांतील गोष्ट. माझ्या धाकट्या बंधूंच्या शेततळ्यांत सहाशें मासे होते. एकेकाचें वजन पाऊण किलोच्या घरांत आलें होतें व पोळ्यानंतर ते विकावयाचे असें ठरलें होतें. तीन दिवस सूर्यदर्शन नव्हतें. आभाळ भरलेलें व वारा पडलेला. चवथ्या दिवशीं पहाटे पाहतों तों सगळे मासे पाण्यावर तोंडें काढून आ वासत आहेत ! कल्ल्यांना रोग लागला, असें आम्हीं दोघांनीं तेथल्या तेथें ठरविलें. तालुक्याच्या गांवीं जाऊन एका दुकानदाराच्या सांगण्यावरून पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे खडे आणले. माप घनमीटरास २ ग्रॅम. हिशेब मीं केला. तळें कागदोपत्रीं ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल. गुणाकार २७०० घनमीटर. म्हणून खडे ५ किलो ४०० ग्रॅम. संध्याकाळीं ते विरघळवून तळ्यांत टाकले. दुसऱ्या दिवशीं पहाटे मोठमोठे मासे पोट वर करून कांठाला लागले होते. तीन दिवसांत आम्हीं तीनशेंहून अधिक मासे खड्ड्यांत पुरले.

ह्यांत तीन चुका झाल्या. रोग नव्हताच; मासे प्राणवायूवांचून कासावीस झाले होते. दुसरी चूक अशी कीं, ह्या खड्यांनीं पाण्यांत प्राणवायु वाढत नाहीं; उलट पाण्याला हिरवा रंग देणारें सूक्ष्म शेवाळ मरतें, आणि तें कुजतांना उरलासुरला प्राणवायूही खातें. तिसरी चूक मापाची. तळ्यांत त्या दिवशीं पाणी २ मीटरच होतें, आणि तळ्याच्या बाजू उतरत्या असल्यामुळें खरें पाणी कागदावरील आंकड्याच्या निम्मेंच भरत होतें; म्हणजे औषध दुप्पट पडलें. ज्यानें नोकरीचा सगळा काळ जमिनीचीं क्षेत्रफळें लिहिण्यांत घालविला, त्याच्याच हातून ही चूक व्हावी, ह्याची खंत अजून जात नाहीं. पंचनामा झाल्यावांचून नुकसानभरपाईचा एक पैसाही मिळत नाहीं, हें आपण सर्व जाणतों. त्याचप्रमाणें पाण्याचा व माशाचा पंचनामा झाल्यावांचून तळ्यांत एक पैशाचेंही औषध टाकूं नये, एवढेंच ह्या लेखाचें सांगणें आहे.

श्वास कोंडणें, विषबाधा व रोग

पाण्यांतील प्राणवायु हवेंतून थोडा व शेवाळापासून बराच येतो. दिवसा उन्हाच्या योगानें शेवाळ प्राणवायु सोडतें. रात्रीं मात्र तें स्वतःच प्राणवायु घेऊं लागतें. म्हणून रात्रभर प्राणवायु उतरत जाऊन पहाटे तो सर्वांत कमी असतो. आभाळ भरलें असतां दिवसाची मिळकत बुडते व रात्रीचा खर्च मात्र चालूच राहतो. शिवाय पाणी जितकें ऊन, तितका त्यांत प्राणवायु कमी मावतो. समुद्रसपाटीच्या ठिकाणीं २० अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो, तर ३० अंशाच्या पाण्यांत सुमारें साडेसात. ह्या माशांना तो ५ मिलिग्रॅमहून अधिक असावा.

म्हणून मासे मरूं लागतांच चार गोष्टी पाहाव्या : वेळ कोणती, संख्या किती, मासे लहान कीं मोठे, आणि कोणत्या जातीचे.

मासे पहाटे एकदम व सर्व जातींचे वर आले असतील, मोठे आधीं मरत असतील, आणि ऊन चांगलें वर आल्यावर उरलेले आपोआप खालीं जात असतील, तर तो रोग नव्हे. श्वास कोंडल्याचें तें लक्षण आहे. अशा वेळीं खाद्य तत्काळ बंद करावें आणि पंप लावून तळ्याचेंच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखें तळ्यांत पाडावें. विहिरीचें किंवा विंधनविहिरीचें पाणी सोडावयाचें झाल्यास तेंही असेंच हवेंतून उडवावें. कारण भूगर्भांतील पाण्यांत प्राणवायु पुष्कळदां फारच थोडा असतो.

लहानमोठे सर्व मासे, आणि त्यांच्याबरोबर बेडूक व पाणकिडेही, दिवसाच्या कोणत्याही वेळीं अचानक मेले, तर विषाचा संशय घ्यावा. शेजारच्या वावरांत फवारणी झाली होती काय, पावसाचें पाणी तेथून तळ्यांत उतरलें काय, फवारणीचा पंप कोणी तळ्यावर धुतला काय, हें विचारावें. ज्या तळ्यांत मासे आहेत, तेथें फवारणीचीं भांडीं कदापि धुऊं देऊं नयेत.

ह्याच्या उलट, आज दोन, उद्यां चार, परवां सात, असे मासे मरत गेले, त्यांत एकाच जातीचे अधिक असले, व त्यांच्या अंगावर कांहीं खूण असली, तर तो रोग समजावा.

मासा पाहण्याची रीत

खाद्य टाकण्याची वेळ ही माशांची हजेरी घेण्याची वेळ होय. निरोगी मासे खाद्यावर तुटून पडतात. एखादा कळप सोडून कांठाशीं एकटा राहतो, अंगाचा रंग काळवंडतो, दगडाला किंवा तळ्याच्या कागदाला अंग घांसतो, वारंवार पाण्याबाहेर उसळी मारतो, किंवा एका कुशीवर पोहतो, तर तो आजारी जाणावा. असा मासा जिवंत असतांनाच फेकजाळ्यानें धरावा. मेलेल्या माशाचे कल्ले लवकर फिके पडतात व अंग कुजूं लागतें. मग साक्ष खोटी ठरते.

धरलेला मासा तळ्याच्याच पाण्यानें भरलेल्या काचेच्या टाकींत किंवा पांढऱ्या बादलींत घटकाभर ठेवावा व क्रमानें पाहावा : प्रथम कातडी व खवले, नंतर पर व शेपटी, मग डोळे, पोट, आणि शेवटीं कल्ल्यावरील झांकण हळूच उचलून कल्ले. निरोगी माशाचे कल्ले लालभडक असतात. मुलांच्या हौसेखातर घरीं काचेच्या टाकींत सोनेरी मासे ठेवले असतील, तर ही नजर तेथेंच चांगली तयार होते. कारण पुढें सांगितलेले बहुतेक रोग टाकींतल्या माशांनाही होतात.

नेहमीचे रोग

माशाची ऊ. ही मसुरीच्या डाळीसारखी चपटी व वाटोळी, अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास असते, आणि नुसत्या डोळ्यांनीं अंगावर सरकतांना दिसते. शास्त्रांत हिला अर्गुलस म्हणतात. ती रक्त शोषते. मासा अंग घांसतो, उसळ्या मारतो व रोडावतो. अंडीं मात्र ती माशावर घालीत नाहीं. माशाला सोडून दगड, लांकूड अशा टणक वस्तूंवर घालते. तिची ही खोड आपल्या उपयोगी पडते. तळ्यांत बांबूचे तुकडे किंवा फळ्या सोडून ठेवाव्या, दर आठवड्यास बाहेर काढून खरवडाव्या व कडक उन्हांत वाळवाव्या, म्हणजे पुढची वीण कमी होते.

नांगरकिडा. लर्निया नांवाच्या ह्या किड्याचें डोकें नांगराच्या फाळाप्रमाणें माशाच्या मांसांत रुतलेलें असतें व एक-दोन सेंटिमीटर लांबीचा दोऱ्यासारखा देह बाहेर लोंबतो. टोकाला अंड्यांच्या दोन बारीक पिशव्या दिसतात. रुतलेल्या जागीं लाल सूज येते. कटल्यावर हा विशेषेंकरून पाहावा. ऊ व नांगरकिडा दिसतांच शेतांतलें कीटकनाशक तळ्यांत ओतण्याचा मोह होतो, तो टाळावा. त्यानें माशाचें नैसर्गिक खाद्य असलेले सूक्ष्म जीव मरतात, आणि माप चुकल्यास मासेही जातात. औषध मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यास विचारूनच घालावें.

पांढरे ठिपके. अंगावर व परांवर मीठ भुरभुरल्यासारखे, मिलिमीटरभराचे पांढरे ठिपके दिसतात. हा एका सूक्ष्म जीवाचा उपद्रव असून थंडीच्या दिवसांत, दाटीनें ठेवलेल्या बोटुकलींत व घरच्या टाकींत तो वारंवार होतो. ठिपक्यांतील जीव कातडीखालीं असतो, तोंवर औषध त्यास पोहोंचत नाहीं. तो वाढून माशाला सोडतो, तळाशीं जाऊन कवच करतो व फुटून एकाचे शेंकडों होतात. ते पोहत दुसरा मासा शोधतात, आणि एक-दोन दिवसांत मासा न मिळाल्यास मरतात. औषध लागू पडतें तें ह्याच अवस्थेंत. म्हणून एकदां औषध घालून ठिपके गेले, कीं रोग गेला असें समजूं नये. उपचार कांहीं दिवस चालू ठेवावा लागतो.

कापसासारखी बुरशी. जाळ्याचा ओरखडा, पक्ष्याची चोंच किंवा दुसरा रोग, ह्यांनीं झालेल्या जखमेवर पांढुरका कापूस चिकटल्यासारखा दिसतो. ही बुरशी बहुधा मूळ कारण नसते. आधींच्या जखमेवर ती उगवते. म्हणून ती दिसतांच जखम कशानें झाली तें शोधावें. हिंवाळ्यांत मासे विनाकारण जाळ्यांत धरूं नयेत.

पर व शेपटी सडणें. प्रथम परांच्या कडेला पांढुरकी रेघ येते, नंतर कडा झिजून फाटक्या कापडासारख्या होतात. हा जंतूंचा रोग आहे व तो घाण पाण्यांत आणि दाटींत वाढतो. तळ्यांतील सडलेलें खाद्य कमी करणें व पाणी बदलणें हा पहिला उपाय.

जलोदर. पोट फुगतें, खवले उभे राहतात व मासा वरून पाहिला असतां देवदाराच्या बोंडासारखा दिसतो. दाबल्यास खवल्यांखालून पाणी येतें. हा रोग बळावलेला मासा सहसा वांचत नाहीं. तो काढून चुना घालून खोल पुरावा; दुसऱ्या तळ्यांत मुळींच सोडूं नये.

व्रणरोग. प्रथम अंगावर लाल ठिपके, नंतर त्यांचे चट्टे, आणि शेवटीं खोल व्रण होऊन मांस उघडें पडतें. हा जपानांत १९७१ सालीं व ऑस्ट्रेलियांत १९७२ सालीं आढळला, आणि भारतांत १९८८ सालीं ईशान्येकडील राज्यांतून शिरून पुढें पसरला. अॅफॅनोमायसिस इन्व्हॅडन्स नांवाचा बुरशीसारखा सूक्ष्म जीव त्याचें मूळ आहे. पावसाळा सरून पाणी थंड होऊं लागलें, कीं तो उठतो. मरळ व ओढ्यांतले लहान रानमासे ह्यांना तो आधीं धरतो. म्हणून ओढ्याचे मासे तळ्यांत शिरूं देऊं नयेत, व आलेल्या पाण्याच्या तोंडाशीं बारीक जाळी लावावी. भुवनेश्वर येथील केंद्रीय गोड्या पाण्यांतील मत्स्यपालन संस्थेनें ह्या रोगावर ‘सिफॅक्स’ नांवाचें औषध काढलें आहे. त्याचें माप हेक्टर-मीटरास, म्हणजे एक कोटि लिटर पाण्यास, एक लिटर आहे.

कल्ल्यांच्या खुणा. कल्ले फिके व त्यांवर चिकट थर जास्त असेल, तर सूक्ष्म कृमि किंवा जंतु यांचा संशय घ्यावा. त्यांची खात्री सूक्ष्मदर्शकावांचून होत नाहीं. कल्ले व रक्त तपकिरी, चॉकलेटी रंगाचें दिसलें, तर पाण्यांत नायट्राइट वाढलें आहे असें जाणावें. हा पाण्याचा दोष असून तो बहुधा फार खाद्य घातल्यानें होतो.

जें रोग नव्हे तें

कांहीं खुणा रोगासारख्या दिसतात, परंतु रोग नसतात. सोनेरी माशाच्या नराला विणीच्या काळांत कल्ल्यांच्या झांकणावर व पुढच्या परांच्या कडेवर पांढरे बारीक कण येतात. नवशिका पाळणारा त्यांस पांढऱ्या ठिपक्यांचा रोग समजून औषध घालतो. पावसाळ्यांत रोहू, कटला व मृगळ यांच्या नरांचेही छातीवरील पर हाताला खरखरीत लागतात. तें वयांत आल्याचें लक्षण आहे. वाहतुकींत एखाद-दुसरा खवला गेलेला मासाही रोगी नव्हे. त्यावर नजर ठेवणें पुरेसें आहे.

पाण्याचें खरें माप

औषध घालावयाचेंच ठरलें, तर आधीं पाणी मोजावें. वरील तळ्याचेंच उदाहरण घेऊं. त्याच्या बाजूंचा उतार असा आहे कीं, एक मीटर खालीं गेल्यास लांबी व रुंदी दोन-दोन मीटरनीं कमी होते. म्हणजे वर ३० मीटर असतां तळाशीं २४ मीटर. पाणी २ मीटर असतांना पाण्याचा पृष्ठभाग २८ गुणिलें २८, म्हणजे ७८४ चौरस मीटर. मधला भाग २६ गुणिलें २६, म्हणजे ६७६. तळ २४ गुणिलें २४, म्हणजे ५७६. मधल्या भागाची चौपट करून तींत वरचा भाग व तळ मिळवावा : एकूण ४०६४. त्यास ६ नें भागून पाण्याच्या खोलीनें, म्हणजे २ नें गुणावें. उत्तर सुमारें १३५५ घनमीटर. तळें कांठोकांठ भरलें तरी ह्याच रीतीनें २१९६ घनमीटर येतात. २७०० कधींच येत नाहींत. ज्यांच्या तळ्याचा उतार निराळा असेल, त्यांनीं आपलीं मापें स्वतः घ्यावीं. औषध शक्यतों सकाळीं, चांगलें ऊन असतां घालावें, आणि त्या वेळीं पंप तयार ठेवावा.

रोग येऊं नये म्हणून

नवी बोटुकली आणली कीं ती थेट तळ्यांत ओतूं नये. लिटरास ३० ग्रॅम प्रमाणें मिठाचें पाणी करून तींत ती दोन-तीन मिनिटें बुडवावी; कोणी मासा आडवा होऊं लागल्यास त्याच क्षणीं काढावी. एका तळ्याचें जाळें दुसऱ्या तळ्यांत न वाळवितां वापरूं नये. खाद्य अर्ध्या-पाऊण तासांत संपेल इतकेंच घालावें. मेलेला मासा दिसतांच काढावा; तरंगूं देऊं नये. आजारी मासा तपासून घ्यावयाचा असल्यास जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कचेरींत चौकशी करावी. रत्नागिरी, नागपूर व उदगीर येथें मत्स्यविज्ञानाचीं महाविद्यालयें आहेत. प्रतिजैविक औषधें मात्र आपल्या मनानें तळ्यांत घालूं नयेत.

शेवटीं एक सूचना. तळ्यावर एक वही ठेवावी व तींत रोज पांच रकाने भरावे : तारीख, आभाळ, पाण्याची उंची, खाद्य किती व किती वेळांत संपलें, आणि मेलेले मासे किती व कोणते. ह्या कामास दोन मिनिटें लागतात. आमच्या बंधूंनीं तळ्यांत मीटरच्या खुणा रंगविलेला एक खांब उभा केला आहे, आणि पंपाच्या खोलींत अशी वही टांगली आहे. पुढील वर्षीं पुनः एकदां भाद्रपदांत आभाळ दाटलें व दुसऱ्याच दिवशीं खाद्य नेहमींच्या निम्मेंही संपलें नाहीं. तें वहींत लिहितांनाच त्यांच्या ध्यानांत आलें, व त्या रात्रीं त्यांनीं पंप सकाळपर्यंत चालू ठेवला. पहाटे कांहीं मासे वर आले होते. ऊन पडतांच ते खालीं गेले. त्या दिवशींच्या पानावर शेवटच्या रकान्यांत शून्य लिहिलें आहे.